बाळंतिणीची भिंत

मे महिना लागला की आमच्या घरी जेवणाला डांबराचा वास यायचा. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर डांबराचा डबा रटरटत असायचा आणि स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच अंगाला. आई पदरानं नाक दाबून भाकरी थापायची आणि म्हणायची, "घ्या, जेवा डांबराची आमटी." वखारीच्या पत्र्यावरच्या एकेका खिळ्याच्या डोक्यावर डांबराचा ठिपका द्यायचा, हे आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दर उन्हाळ्यातलं ठरलेलं काम. ते दुसऱ्या कुणाला पत्र्यावर चढू देत नसत. ते वर, मी खाली. वखारीची दारं लावून अंधार करायचा आणि मान मोडेपर्यंत वर बघत राहायचं. कुठं टाचणीएवढा उजेड दिसला की तिथं खालून काठीनं ठोकायचं. उजेड शिरतो तिथून पाणी शिरणार, एवढं साधं शास्त्र. वरून आण्णांचा आवाज यायचा, "संगे, हितं का?" मी म्हणायची, "वाईच डावीकडं." पुढं नोकरीत पत्र्यांच्या तपासणीसाठी बरीच यंत्रं पाहिली. त्यांतलं एकही अंधार आणि काठीपेक्षा स्वस्त निघालं नाही.

आमचा धंदा कडधान्यं आणि किराणा मालाचा, घाऊक. सांगलीत नदीपासून फार लांब नसलेल्या एका गल्लीत पुढं दुकान, त्याला लागून पुढची वखार, तिच्यामागं दोन पायऱ्या उतरून मागची वखार आणि दुकानाच्या माडीवर आम्ही राहायचो. मागचं अंगण त्या वखारीच्या बाजूला, आणि अंगणातून तिला एक दार होतं. पावसाआधीची सगळी धावपळ गिऱ्हाइकांच्या गावांवर ठरायची. पाटणच्या पलीकडं डोंगरात जी दुकानं होती त्यांचा माल सगळ्यांत आधी निघायचा, कारण एकदा दरड आली की तिकडं महिनाभर गाडी जायची नाही. मीठ, चहा, साखर, तूरडाळ, काडेपेट्या, टॉर्चचे सेल. डोंगरातल्या माणसाला पावसाळ्यात जे जे लागेल ते मेमध्येच त्याच्या उंबऱ्यात पोचलं पाहिजे, यावर आण्णा फार काटेकोर होते. त्या दुकानदारानं मागणी पाठवली नसली तरी ते माल पाठवत. सगळ्यांत शेवटी वडूज. तिथले आमचे गिऱ्हाईक तात्या मोठे मिस्कील. फोनवर म्हणायचे, "आमचं कवाबी पाठवा. हितं पावसाला वाट सापडत न्हाई, तुमच्या गाडीला सापडंल."

मागची वखार मात्र सगळ्यांत वेगळी. तिथं फक्त हरभरा, तोही दिवाळीसाठी राखलेला. दिवाळीच्या तोंडावर डाळीला आणि बेसनाला उठाव येतो, तोवर हा माल कोरडा ठेवायचा. खाली विटा, विटांवर फळ्या, फळ्यांवर पोत्यांच्या थप्प्या आणि पोत्यांमध्ये कडुनिंबाचा पाला. थप्पी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गच्च. मध्ये बोट शिरलं तर आण्णा आमच्या मुकादमाला, भैरूमामाला, पुन्हा रचायला लावत. त्यांचं म्हणणं, रिकामी जागा म्हणजे दमट हवेला जागा. मग दुकानाकडचं दार आतून लावायचं, अंगणाकडचं बाहेरून ओढायचं आणि त्याच्या फटी शेणमातीनं लिंपून टाकायच्या. आई दारावर हळदकुंकू वाहायची, नारळ फुटायचा. लिंपलेली वखार गणपतीच्या आत उघडायची नाही, हा आजोबांपासूनचा नेम. कोणी तो मोडल्याचं आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

त्या वखारीच्या जमिनीत एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे विहिरीसारखं खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. आमच्या भागात हळद अशा पेवांत भरून ठेवत. आजोबा हरभऱ्याबरोबर हळदीचाही व्यापार करत; हळद आण्णांनी बंद केली, पेव दगड-मुरूम टाकून बुजवलं आणि वर शहाबादी फरशी बसवली. मी तेव्हा लहान होते. फरशी बसली आणि पेव सगळ्यांच्या डोक्यातून गेलं.

वखारीच्या पलीकडं हुसेनचाचांचं घर. दोन्ही घरांची भिंत एकच, जुन्या विटांची, मातीत बांधलेली. चाचा ताडपत्र्या शिवत. एप्रिल-मेमध्ये त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. अर्ध्या पेठेचे ट्रक त्यांच्याकडून पांघरूण नेत. त्यांच्या मशीनचा जाड, अडखळता आवाज भिंतीतून आमच्याकडं यायचा आणि तो थांबला की आई म्हणायची, "चाचाचा धागा तुटला." आमची पावसाची तयारी सुरू झाली की त्यांची कमाई, आणि आमची संपली की त्यांची सुट्टी. चाची तेव्हा निवांत व्हायची आणि आमच्या पायरीवर येऊन आईबरोबर तांदूळ निवडत बसायची.

ती सामायिक भिंत त्यांच्या घरात 'बाळंतिणीची भिंत' म्हणून ओळखली जायची. पावसाळ्यात सगळ्या घरांच्या भिंती गारठतात, ओल धरतात, पण या भिंतीच्या पाठीशी आमचा कोरडा हरभरा छतापर्यंत रचलेला. त्यामुळं ती कायम कोमट असायची. हात ठेवला की गाईच्या पाठीवर ठेवल्यासारखं वाटायचं. चाचीची तिन्ही बाळंतपणं या भिंतीला लावलेल्या बाजेवर झाली, तिच्या सासूचीही. आणि ज्या वर्षाची ही गोष्ट त्या वर्षी तिची मोठी मुलगी शमीम पहिल्या बाळंतपणाला मिरजेहून माहेरी आली होती. शमीम माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला, आणि ती पोर मांडीवर घेऊन बसलेली. मला ते जरा विचित्र वाटायचं. तिला काही विचित्र वाटत नव्हतं. ती म्हणायची, "तू पुस्तकं वाच, मी झोप काढते. जमलं तर."

पाऊस नेहमीसारखा सुरू झाला आणि मग नेहमीसारखा राहिला नाही. वर घाटात तो थांबेचना. धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या, कराडला नदी फुगली होती, आणि तिथलं पाणी आपल्याकडं पोचायला किती वेळ लागतो याची गणितं गल्लीतला प्रत्येक माणूस स्वतःच्या पद्धतीनं मांडत होता. लोक पुलावर जाऊन खांबावरचे फुटांचे आकडे बघून यायचे आणि चहाच्या गाडीवर सांगायचे. आण्णांनी पुढच्या वखारीतला माल काढायचं ठरवलं. वडूजच्या तात्यांनी आपली शेड मोकळी करून दिली होती. फोनवर त्यांचं चालूच, "आमी टँकरची वाट बघतोय आन तुमी पाणी नको म्हणताय. काय बोलावं गड्या." आण्णा हसले नाहीत, पण ट्रक भरला. तो गल्लीतून बाहेर पडला तेव्हा गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी दिसायला लागलं होतं.

मागच्या वखारीची कुणालाच काळजी नव्हती. पत्रे डांबरलेले, दार लिंपलेलं, गल्लीतलं पाणी आमच्या पायरीपासून अजून बरंच लांब. शिवाय पायरीवर वाळूची पोती रचून ठेवली होती. आण्णा आणि भैरूमामा दुकानाच्या दारात उभे राहून पाण्यावर नजर ठेवत होते. सगळी गल्ली तेच करत होती. पाणी कुठून येणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तिकडंच बघत होते.

दुपारी आईनं अळीवाची खीर केली. वीज गेलेली, रॉकेलच्या स्टोव्हवर. पूर असो नाहीतर काही असो, बाळंतिणीचं खाणं चुकायचं नाही, हा तिचा शिरस्ता. पातेलं माझ्या हातात देऊन ती पुढं, मी मागं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा जळत होता, धूर कोंडला होता. शमीम बाजेवर, बाळ तिच्या कुशीत, पाठ भिंतीला. चाची त्याच भिंतीतल्या फडताळाशी झटापट करत होती.

"काय झालं चाची?" आईनं विचारलं.

"आगं, दार उघडंना. बाळाची दुपटी आत हायत. काल जरा आवळलंय म्हटलं, आज तर हालंना."

"पावसानं लाकूड फुगतंय," मी म्हटलं.

"आजवर कवा फुगलं न्हाई ते," चाची म्हणाली. "ही भिंत काय ओली व्हती व्हय कवा?"

आई खीर वाटीत ओतता ओतता थांबली. तिनं नाक उचललं, दोनदा श्वास घेतला. ओव्याच्या धुरातून तिला काहीतरी वेगळं लागलं होतं.

"चाची, हरभरं भिजत घातल्यात का?"

"न्हाई बया. ह्या गडबडीत कोण हरभरं भिजवतंय?"

मग मलाही तो वास आला. उसळीसाठी भिजत घातलेलं पातेलं विसरून दुसऱ्या दिवशी झाकण काढलं की येतो तो आंबूस वास. आईनं वाटी खाली ठेवली, बाजेवरून वाकून भिंतीला तळहात लावला आणि तो तसाच ठेवला. शमीमच्या केसांवर चुन्याची बारीक पूड पडलेली मला तेव्हा दिसली. शमीम म्हणाली, "मावशी, रात्रीपासनं गार लागतीया. मी म्हटलं मला ताप यायला लागलाय."

"शमीम, ऊठ," आई म्हणाली. आवाज चढवला नाही. "बाळाला घे आन वर आमच्याकडं चल. चाची, दुपट्यांचं ऱ्हाऊ दे, माज्या जुन्या साड्या हायत. संगे, हिला धर."

मी शमीमला धरून जिना चढवत होते तेव्हा खाली आई आण्णांशी बोलत होती ते सगळं ऐकू येत होतं.

"आवं, मागची वखार उघडा."

"काय?"

"हरभरा भिजलाय. भिंत गार पडलीया."

"डोस्कं फिरलंय का तुजं? दार लिंपलंय. पाणी अजून तिथं हाय, त्या खांबाजवळ. आतून काय आभाळातनं भिजला?"

"कुठनं भिजला ते मला ठाव न्हाई. चार मुठी हरभरा भिजत घातला तर सकाळी पातेल्यात मावत न्हाई. तुमी तर वखार भरून ठेवलीया, भिंतीपासनं भिंतीपातूर. ते फुगून जाणार कुठं?"

आण्णा तडक निघाले. चाचांच्या घरात शिरले, बाजेवरून वाकले, त्यांनीही तळहात लावला. आम्ही वखार भरायला लागलो तेव्हापासून ती भिंत कधी गार नव्हती, हे त्यांना आईइतकंच माहीत होतं. बाहेर आले ते थेट भैरूमामाकडं बघून म्हणाले, "पहार आण."

भैरूमामा जागचा हलला नाही. "आण्णा, गणपतीच्या आत?"

"गणपतीला मी सांगतो. तू पहार आण."

लिंपलेलं दार फोडताना जो आवाज झाला तो मला आवडला नव्हता. नारळ फोडलेल्या दारावर पहार पडते हे बघवत नव्हतं. दार उघडलं आणि आतून उबट, आंबट वाफ अंगावर आली. दाराच्या आत उभं राहण्यापुरती सोडलेली जागा, तिथं घोट्याच्या वर पाणी. पण गल्लीतल्या पाण्यासारखं गढूळ नाही, विहिरीत दिसतं तसं नितळ. फरशीच्या फटीतून बारीक बुडबुडे येत होते. आण्णा त्या बुडबुड्यांकडं बघत राहिले. "पेव," ते म्हणाले. एवढंच. नदी चढली तसं जमिनीतलं पाणी चढलं आणि आम्ही बुजवलेल्या त्या जुन्या तोंडातून आत आलं. आम्ही सगळे गल्लीकडं तोंड करून उभे असताना ते शांतपणे पाठीमागून येत होतं.

खालची पोती सुजली होती. सुतळीचे टाके ताणून उसवले होते, काही फाटक्या जागांतून मोड आलेले हरभरे बाहेर डोकावत होते. एकमेकांत ती अशी रुतली होती की हूक लावून ओढलं तरी इंचभर हलत नव्हती. आणि सगळा रेटा भिंतीवर. दाराशी भिंतीचा जेवढा भाग उघडा होता तिथं विटांची एक रांग पलीकडं सरकलेली स्पष्ट दिसत होती. तिच्यातून माती गळत होती, थांबत होती, पुन्हा गळत होती.

"वरची आधी," आण्णा म्हणाले. "खालच्याला हात लावू नका, थप्पी अंगावर येईल." ते आणि भैरूमामा दोघंच आत राहिले, बाकी हमालांना त्यांनी दारातच थांबवलं. वरची कोरडी पोती एकेक करून दारातून बाहेर, तिथून दुकानाला वळसा घालून पुढच्या मोकळ्या वखारीत. पलीकडून चाचांचा आवाज येत होता. त्यांनी बाज बाजूला ओढली होती, मशीनचं जाडजूड टेबल भिंतीला लावलं होतं आणि ताडपत्रीचे बांबू तिरके टेकवून भिंतीला टेकू देत होते. भिंतीच्या दोन बाजूंनी दोन म्हातारे एकमेकांशी ओरडून बोलत होते.

"आण्णा, पोट पुढं यायलंय हिचं."

"ऱ्हा तू बाजूला. टेकू दे आन बाहेर जा."

"तू जा की बाहेर. मी एकटा कशाला जाऊ?"

आई आणि मी दारात घमेली घेऊन उभ्या होतो. खालचा थर मोकळा झाल्यावर भैरूमामानं हुकाच्या टोकानं भिंतीलगतचं पहिलं पोतं फाडलं. भिजलेला हरभरा नुसता ओतला गेला, जड आणि बुळबुळीत. आम्ही घमेली भरून अंगणात फेकत गेलो. दुसरं पोतं. तिसरं. भिंत एकदा कुरकुरली. भैरूमामानं हात वर केला, सगळे जागच्या जागी थांबले. पावसाचा आवाज तेवढा पत्र्यावर. वर माझ्या खोलीत बाळ रडायला लागलं. मला आठवतं, मी मनात म्हटलं, रड, रड, तू वर आहेस तोवर खुशाल रड.

आण्णांनी पुढचं पोतं स्वतः फाडलं. हरभरा घसरला, थप्पीचा ताण सैल झाल्यासारखी एक हालचाल झाली, भिंतीतून मातीचा एक लोट खाली आला आणि थांबला. पुन्हा गळली नाही. आम्ही वाट बघितली. नाहीच गळली.

मग पलीकडून चाचीचा आवाज आला. तिला चाचांनी किती वेळा बाहेर काढलं असेल देव जाणे, ती आतच होती.

"आवो, फडताळ उघडलं. आपोआप उघडलं बगा."

आण्णा ओल्या हरभऱ्याच्या ढिगावर मटकन बसले. भैरूमामानं डोक्याची टोपी काढून तोंड पुसलं. आई म्हणाली, "दुपटी कोरडी हायत का बघा आधी." त्यावर पहिल्यांदा कोणीतरी हसलं. बहुतेक मीच.

गल्लीतलं पाणी आमच्या पायरीला टेकलं, वाळूच्या पोत्यांना भिजवून गेलं आणि उतरलं. दुकानात आलं नाही. भिजलेला हरभरा मात्र पुष्कळ होता आणि त्यातला बराच चांगला, नुसते मोड आलेला. पुरातल्या लोकांना शाळेत ठेवलं होतं. आई आणि चाचीनं निवडून, धुऊन तो तिकडं पाठवला. शाळेत सकाळ-संध्याकाळ उसळ. शेवटी तिथल्या एका आजोबांनी निरोप धाडला, उपकार झाले पण आता दुसरं काहीतरी द्या म्हणावं. वडूजच्या तात्यांना कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "आमच्या गावात मोड यायला पाणी लागतं, ते तेवढं पाठवा." या वेळी आण्णा हसले. शमीम बाळाला घेऊन सव्वा महिना आमच्याकडंच राहिली. आण्णांची झोप उडाली, पण तक्रार केली नाही. उलट पहाटे बाळ रडलं की पहिले उठून तेच येरझाऱ्या घालत.

पुढच्या मेमध्ये पेव उकरून, गिट्टी आणि सिमेंट भरून पक्कं बंद केलं. हरभरा रचायची वेळ आली तेव्हा आण्णांनी भैरूमामाला सांगितलं की चारी बाजूंनी माणूस चालेल एवढी वाट सोड. "हवा खेळायला पायजे," म्हणाले. जसं काही ते हेच आयुष्यभर सांगत आले होते. भैरूमामानं आईकडं बघितलं, आईनं सुपातल्या तांदळाकडं. दारही त्या वर्षापासून लिंपलं नाही, नुसती कडी घातली आणि दर आठवड्याला उघडून बघायचं ठरलं. नारळ तेवढा राहिला.

आता मी साताऱ्यात काही व्यापारी मंडळींच्या गोदामांचं काम बघते. कोरेगाव, फलटण, वाई, जिथं जिथं त्यांचा माल आहे तिथं मेमध्ये मी जाते. पावसाचा अंदाज फोनवर येतो, नदीची पातळीही फोनवर. बरं आहे, पुलावर जायला नको. पण गोदामात गेले की आधी थप्पी आणि भिंत यांमधली वाट चालून बघते आणि चालता चालता भिंतीला तळहात लावते. नवे मॅनेजर माझ्याकडं जरा संशयानं बघतात. एकानं विचारलं, "मॅडम, जागा वाया जाते हो. इथं अजून दोन थर बसले असते." मी म्हटलं, "बसतील. मग भिंतीपलीकडं कोण झोपतं ते जाऊन बघून या आणि मला सांगा." तो खरंच गेला. आता तो तसा प्रश्न विचारत नाही.

सांगलीचं घर भावाकडं आहे. मागच्या वखारीत आता औषधांची खोकी असतात, त्यामुळं भिंत काही पूर्वीसारखी कोमट राहिली नाही. गेल्या वर्षी शमीमची मुलगी, पुरातलं तेच बाळ, बाळंतपणाला आजीकडं आली तेव्हा मी अळीव घेऊन गेले. चाचा आता नाहीत. भिंतीचं पोट अजून तसंच पुढं आलेलं आहे, गवंड्यानं आतून लोखंडी पट्ट्या मारून ते पक्कं केलंय, पण चाचीनं ते सपाट करू दिलं नाही. बाज मात्र खिडकीखाली होती, भिंतीपासून लांब. फडताळाचं दार उघडं होतं. मी उठून ते लावलं. रस्त्यावरून ट्रक गेला आणि ते हळूच पुन्हा उघडलं.

"कडी बसवून घ्या की चाची," मी म्हटलं.

चाचीनं बाळावरचं दुपटं सारखं केलं. "नगं," ती म्हणाली. "उघडतंय तवर बरं हाय."